जबडा बांधलाय, दिवसभर पाजतोय, तरी चक्कर का येते?

जबड्याचं ऑपरेशन झालं, वरचे-खालचे दात तारांनी किंवा रबरांनी एकमेकांवर बांधले, पेशंट घरी आला. पहिले दोन-तीन दिवस सूज वाढतच जाते, त्या गडबडीत बाकी कशाकडे लक्ष नसतं. मग सूज ओसरायला लागते, घरच्यांना वाटतं सुटलो एकदाचे. आणि नेमकी तेव्हाच खरी तक्रार सुरू होते. सकाळी बाथरूमपर्यंत जाताना डोळ्यांपुढे अंधारी येते, हातपाय गळून जातात, माणूस चिडचिड करतो. काहीतरी पाजलं की तासभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. घरचे म्हणतात, "अहो, दर तासाला काही ना काही देतोच आहोत की!" देताय हे खरंच आहे. फक्त काय देताय ते एकदा मोजून बघायला हवं.

माझ्या धाकट्या दिराचा खालचा जबडा दुचाकीच्या अपघातात दोन ठिकाणी मोडला होता. त्यांचं खाणंपिणं माझ्याकडे होतं. तेव्हापासून नाशिकमध्ये नात्यागोत्यात, ओळखीत कुणाचा जबडा बांधला की फोन माझ्याकडे येतो, मग तो सिडकोतून असो की ओझरहून. मी डॉक्टर नाही. तुमच्या सर्जनने वेगळं सांगितलं असेल तर तेच करा. पण स्वयंपाकघरातला गोंधळ सर्जनला दिसत नाही, तो मला दिसतो.

पाणी कमी पडतंय की अन्न?

चक्कर दोन कारणांनी येते आणि दोन्हींचा उपाय वेगळा. लघवीचा रंग बघा. गडद पिवळी होत असेल, दिवसातून दोन-तीनदाच होत असेल, ओठ-जीभ कोरडी असेल, तर पाणी कमी पडतंय. लघवी स्वच्छ आहे, भरपूर आहे, तरीही हात थरथरतात आणि वजन उतरतंय, तर अन्न कमी पडतंय. मला आलेल्या फोनांत बहुतेक वेळा हे दुसरंच निघालं.

मधुमेह असेल तर मात्र घरी तर्क लढवत बसू नका. खाणं अर्ध्यावर आलंय आणि गोळ्या किंवा इन्सुलिन पूर्वीइतकंच चालू आहे, तर साखर धोकादायक पातळीला उतरू शकते. साखर तपासा आणि डोस ठरवणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.

आता हिशोब. ठरावीक घरातला ठरावीक दिवस धरू: दोन शहाळी, दोन पेले मोसंबीचा रस, दोन पेले वरणाचं वरचं पाणी, दोन पेले तांदळाची पातळ पेज, दोनदा अर्धा कप चहा. दहा वेळा पाजलं, पेशंटचं पोट तट्ट फुगलं, घरातली बाई दमून गेली. उष्मांक? साधारण सहाशे ते सातशे. साठ किलोच्या माणसाला नुसतं नीट राहायला अठराशे ते दोन हजार लागतात आणि इथे तर हाड जुळायचं आहे. प्रथिनं सत्तर ते नव्वद ग्रॅमच्या घरात हवीत. वरच्या यादीत वीसही भरत नाहीत.

शहाळ्याबद्दल आपल्याकडे भलतीच श्रद्धा आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण दोन शहाळी घेऊन येतो. शहाळ्याचं पाणी चांगलंच, पण पेलाभर पाण्यात चाळीस-पन्नास उष्मांक. ते पाण्याच्या खात्यात धरा, जेवणाच्या नाही. हाडांच्या सूपचंही तसंच. मटणाचं आळणी पाणी चवीला उत्तम, तोंडाला रुची आणतं, पण नुसतं गाळलेलं पाणी म्हणजे जेवण नव्हे.

पाण्याने पातळ करणं थांबवा

सगळी मेख इथे आहे. घट्ट पदार्थ नळीतून जात नाही म्हणून आपण त्यात पाणी ओततो. एक वाटी वरणाचं दोन पेले पाणी होतं, पोट त्या पाण्याने भरतं आणि पुढचं जात नाही. पातळ करायचंच आहे, पण दुधाने, ताकाने, नारळाच्या दुधाने, नाहीतर त्या आळणी पाण्याने करा. प्रत्येक पेल्यात काहीतरी भर पडली पाहिजे.

म्हशीचं साय न काढलेलं दूध हा या दिवसांतला मुख्य आधार. एका लिटरमध्ये हजाराच्या जवळपास उष्मांक आणि पस्तीस-चाळीस ग्रॅम प्रथिनं मिळतात. त्याच दुधात चार मोठे चमचे साय काढलेल्या दुधाची पावडर ढवळली की आणखी चौदा ग्रॅम प्रथिनं, आणि घट्टपणा फारसा वाढत नाही. साठ ग्रॅम मूगडाळ मऊ शिजवून, वाटून, गाळून दोन वेळा द्या. दोन केळी दुधात फिरवून. चार चमचे तूप दिवसभरात विभागून. पन्नास ग्रॅम नाचणीची लापशी. एवढं मिळून एकोणीसशेच्या आसपास जातं आणि प्रथिनं सत्तरच्या पुढे. दूध पचत नसेल, गॅस होत असेल, तर दही घुसळून, किंवा सोयाबीनचं दूध. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं किती द्यायची ते डॉक्टरांना विचारूनच.

गोडाचा चौथ्या दिवशी वीट येतो, हे लिहून ठेवा. भाऊजींनी मोबाइलवर टाइप करून दाखवलं होतं: "वहिनी, आता केळं दिसलं तर घर सोडून जाईन." मग मी उपवासाची शेंगदाण्याची आमटी काढली. शेंगदाणे भिजवून, शिजवून, जिरं-आमसुलासह वाटायचे आणि गाळायचं. आपल्या भागात भगर-आमटीची सवय असतेच, चव ओळखीची लागते, आणि मूठभर शेंगदाण्यात दीडशेच्या वर उष्मांक असतात. कुळथाचं कढण चालतं. मोड आलेल्या मटकीचं कढणही छान होतं, गोडा मसाला चिमूटभर. नाशिकचा माणूस आठवडाभर मिसळीवाचून राहिला की त्याला तर्रीचं स्वप्न पडतं, पण तिखट जखमेला झोंबतं, तेव्हा लाल कट नकोच. वास तेवढा द्या.

नळी का तुंबते

पुन्हा पुन्हा येणारी दुसरी तक्रार ही. पन्नास मिलीची सिरिंज, पुढे मऊ रबरी नळीचा तुकडा, तो गालाच्या आतून शेवटच्या दाढेमागच्या फटीपाशी टेकवायचा आणि दट्ट्या हळूहळू दाबायचा. निम्म्यात अडकतं. जोर लावला की नळी सुटून लापशी भिंतीवर.

साली, मोहरी, कढीपत्ता, टोमॅटोच्या बिया हे उघड गुन्हेगार. फोडणी द्यायची तर गाळण्याआधी द्या, म्हणजे चव उतरते आणि दाणे मागे राहतात. मिक्सरमधून काढलं की आधी पिठाच्या बारीक चाळणीतून, मग धुतलेल्या मलमलच्या दुहेरी फडक्यातून. चहाची गाळणी पुरत नाही. द्राक्षांच्या दिवसांत काळ्या द्राक्षांचा रस काढाल तर सालीचे बारीक तुकडे तारांत जाऊन बसतात, तोही फडक्यातूनच गाळा.

छुपे गुन्हेगार दोन. पहिलं पीठ. तांदूळ, भगर, नाचणी, रवा, यांची लापशी गरम असताना सुरेख ओतते आणि दहा मिनिटांत थिजून खळ होते. पाजायला अर्धा तास लागतो, म्हणजे शेवटची सिरिंज हमखास अडकणार. यावर जुना आणि पक्का उपाय मोडाच्या पिठाचा आहे. नाचणी किंवा गहू भिजवून मोड आणायचे, उन्हात कडकडीत वाळवायचे, न भाजता दळायचे. मोड येताना धान्यात असा एक घटक तयार होतो जो पिठाचा चिकटपणा तोडतो. भाजलं किंवा उकळलं की तो मरतो. म्हणून लापशी नेहमीसारखी घट्ट शिजवा, गॅस बंद करा, बोट क्षणभरच टेकवता येईल इतकी निवली की वाटीभर लापशीला चमचाभर मोडाचं पीठ घालून ढवळत राहा. पाच-सात मिनिटांत चमच्यावरून ओघळणारी गोळी सैल होते, मग चक्क धार लागते. पाण्याचा थेंब न घालता. मग एक उकळी काढा, म्हणजे कच्चं पीठ पोटात जात नाही, आणि गाळा. तेवढ्याच पेल्यात दुप्पट पीठ बसवता येतं. बाजारात मिळणारं प्रत्येक नाचणी सत्त्व मोडाचंच असतं असं नाही, पाकीट वाचून घ्या.

दुसरा छुपा गुन्हेगार तूप, आणि तो फक्त थंडीत. डिसेंबर-जानेवारीत नाशिकला पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे तर त्याहूनही खाली. सकाळच्या पेजेत घातलेलं तूप सिरिंजच्या टोकाला पांढरं गोठून बसतं आणि आपण डाळ नीट वाटली नाही म्हणून मिक्सरला दोष देतो. थंडीत तुपाऐवजी शेंगदाण्याचं तेल घाला, किंवा पेला गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून पाजा.

गरम म्हणजे कोमट, हे इथे फार महत्त्वाचं. खालच्या जबड्याच्या ऑपरेशननंतर खालचा ओठ आणि हनुवटी कित्येक आठवडे बधिर असू शकते. चटका बसलेला पेशंटला कळतच नाही, फोड आल्यावर कळतं. पाजण्याआधी आपल्या मनगटावर थेंब टाकून बघा.

स्ट्रॉबद्दल प्रत्येक सर्जनचं मत वेगळं असतं. काही जण चोखायला सरळ मनाई करतात. विचारल्याशिवाय देऊ नका.

वेळ आणि कंटाळा

एक पेला उतरायला अर्धा-पाऊण तास लागतो. चार घोटांनंतर गाल दुखतो, थकवा येतो, माणूस हाताने "बस" करतो. इथे आग्रह करून उपयोग नसतो. दर दोन तासांनी दोनशे-अडीचशे मिली, दिवसाला आठ वेळा, आणि प्रत्येक पेला दाट पौष्टिक. रात्री झोपण्याआधी एक आणि पहाटे उठल्याउठल्या एक ठेवलात तर सकाळची अंधारी बहुतेक थांबते, कारण ती रात्रभराच्या उपासाची असते. मधल्या वेळात साधं पाणी, ताक, शहाळं. वहीत वेळ आणि पेला लिहा. तीन माणसं पाळीपाळीने पाजत असली की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने दिलं.

वजन दर तीन दिवसांनी, त्याच काट्यावर, सकाळी. थोडं उतरणारच. पण महिन्याभरात मूळ वजनाच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलोपेक्षा जास्त उतरलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता सर्जनला कळवा.

उलटीची भीती

कमी खाण्याचं एक कारण कुणी बोलून दाखवत नाही: "तोंड बांधलेलं असताना उलटी झाली तर?" या धास्तीने माणूस मुद्दाम अर्धपोटी राहतो. म्हणून हे घरातल्या प्रत्येकाला, पेशंटसकट, आधीच माहीत असू द्या.

मळमळ वाटली की लगेच उठून बसवा, पुढे वाकवा, तोंड खाली, बोटाने गाल बाहेर ओढून धरा. पोटात सगळं पातळच असतं, ते दातांच्या फटींतून, दाढांमागून आणि नाकातून बाहेर येतं. किळसवाणं दिसतं, पण येतं. उताणं मुळीच झोपवू नका. मग कोमट पाण्याने तोंड धुऊन काढा.

वायर कटर चोवीस तास पेशंटजवळ हवा. गळ्यात दोरीला अडकवा, रात्री उशाला, रिक्षात खिशात. रबरं असतील तर कात्री. श्वास अडकला, चेहरा निळसर पडायला लागला, तरच कापायचं, आणि वरच्या दातांकडून खालच्या दातांकडे येणाऱ्या उभ्या तारा कापायच्या. दातांवरच्या आडव्या पट्ट्यांना हात लावायचा नाही. कापलेले तुकडे तोंडात राहू देऊ नका आणि तसेच हॉस्पिटल गाठा. डिस्चार्जच्या दिवशी सर्जनकडून आरशासमोर नेमक्या तारा दाखवून घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो काढा. "लागेल तेव्हा बघू" इथे चालत नाही.

मळमळ रिकाम्या पोटी घेतलेल्या औषधांनीही होते. गोळ्यांऐवजी सिरप मागा. सगळ्याच गोळ्या कुटून चालत नाहीत, काहींवरचं आवरण मुद्दाम दिलेलं असतं, मेडिकलवाल्याला विचारा. दारू अर्थातच बंद. गाडी लागणाऱ्या माणसाला या दिवसांत कसारा घाटातून मुंबईला न्यायचं टाळा. जायलाच हवं तर उलटीचं औषध आधी देऊन आणि पुढच्या सीटवर बसवून.

तोंडातला वास, टोचणारी तार आणि बाकी

दूध-लापशी तारांत अडकते आणि दोन दिवसांत वास येतो, मग पेशंटलाच खाणं नकोसं होतं. प्रत्येक पाजण्यानंतर त्याच सिरिंजने कोमट पाणी मारा. लहान मुलांच्या मऊ ब्रशने दातांची बाहेरची बाजू दिवसातून दोन-तीनदा. आतली बाजू जीभच साफ करते. क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश दिलं असेल तर टूथपेस्टनंतर अर्धा तास थांबून वापरा, नाहीतर त्याचा परिणाम उतरतो. त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात, चहाने जास्तच. घाबरू नका, ते नंतर डेंटिस्टकडे निघतात. मिश्रीची सवय असेल तर ती या निमित्ताने सुटू द्या. तंबाखू हाड आणि जखम दोन्ही भरू देत नाही.

तारेचं टोक गालात रुतत असेल तर डेंटिस्टकडे मिळणारं मेण वाटाण्याएवढं घ्या, तो भाग कोरडा करून टोकावर दाबून बसवा. पक्कड घेऊन तार वाकवायला जाऊ नका. ओठांना व्हॅसलीन. बद्धकोष्ठ होतंच, भिजवलेल्या मनुका वाटून गाळलेलं पाणी आणि रोजचं चालणं पुरतं. इसबगोल फुगून अडकतो, तो विचारल्याशिवाय नको. झोपताना डोकं उंच. हाक मारता येत नाही म्हणून उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा.

वरच्या आणि खालच्या दातांत अचानक फट दिसायला लागली, तार किंवा रबर सैल झालं, चावा सरकल्यासारखा वाटला, उतरलेली सूज चार-पाच दिवसांनी पुन्हा चढली, ताप आला, तोंडात पुवासारखी घाण चव आली, यातलं काहीही झालं तर तो स्वयंपाकघराचा विषय नाही. त्याच दिवशी सर्जन.

तारा निघाल्यावर

फ्रॅक्चरला साधारण चार ते सहा आठवडे बांधून ठेवतात, सांध्याजवळची मोड असेल तर बहुधा कमी, आणि टायटॅनियमच्या प्लेटा बसवल्या असतील तर कधी नुसती रबरंच असतात. तारा निघाल्या की घरच्यांना वाटतं आज पुरणपोळी करावी. तोंड जेमतेम बोटभर उघडतं आणि पेशंटचा चेहरा पडतो. स्नायू आखडलेले असतात म्हणून हे होतं. सर्जन सांगेल त्या दिवसापासून आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून, रोज थोडं थोडं तोंड उघडायचा व्यायाम असतो. आपली तीन बोटं उभी मावली की ठीक.

तोवर मिक्सर आवरून ठेवू नका. पहिले काही दिवस गुरगुट्या भात वरणात कालवून, मऊ खिचडी, दुधात भिजवलेली पोळी कुस्करून. भाकरी, चिवडा, पेरू, ऊस यांची वेळ सर्जन ठरवेल. पेल्यांची वहीही तेवढे दिवस चालू ठेवा, कारण चावायला लागल्यावर पहिल्या आठवड्यात माणूस दोन घासांत थकतो, दुधाचे पेले बंद झालेले असतात आणि वजन पुन्हा घसरतं.